पायाखालचं पंचांग

लगदा हा शब्द मी लहानपणी फक्त रागावण्यात ऐकला होता. माझे वडील देवासला आचारी. मराठी मंडळींच्या लग्नामुंजी, बारशी, श्राद्धं, सगळीकडचा स्वयंपाक त्यांचा. भात थोडा जास्त शिजला की हाताखालच्या माणसाला म्हणायचे, "लगदा केलास रे. आता पंगतीला वाढतोस की भिंतीला लावतोस?" घरात पुस्तकं अशी नव्हतीच. एक पंचांग, एक आरत्यांची चोपडी आणि माझी शाळेची पुस्तकं, तीही कोणाची तरी जुनी. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.ए. झाले, सेकंड डिव्हिजनमध्ये, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली केला नाही. वडिलांनी माझी डिग्री हातात घेतली, पिठाचे हात आधी धोतराला पुसून, दोन बोटांत चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "कागद चांगला जाड आहे." मला वाटलं होतं काहीतरी मोठं बोलतील. आता वाटतं, त्या खोलीत माझ्या डिग्रीबद्दल खरं असं तेवढंच बोललं गेलं.

नोकरी लागली ती धारला. तिथल्या मराठी मंडळाच्या बालवर्गावर शिक्षिका. राहायची सोय मावशीकडे. मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, मंडळाच्याच राममंदिरात पूजा करत आणि देवळामागच्या मंडळाच्याच दोन खोल्यांत राहत. म्हणजे छप्पर मंडळाचं, देव मंडळाचा आणि आता भाचीची नोकरीही मंडळाची. मावशी हे रोज एकदा तरी ऐकवायची. तिच्या घरात सकाळ आवाजानेच व्हायची. अण्णांचा काकडआरतीचा खर्जातला आवाज, मग घंटा, मग मावशीच्या फोडणीतल्या मोहरीचं तडतडणं, आणि गल्लीतून भाजीवाल्याची माळवीतली हाक. पोहे ती आमच्या पद्धतीने करायची, पण वर शेव आणि जीरावनाचा मसाला माळव्याचा. भादव्यात कणसं स्वस्त झाली की भुट्ट्याचा कीस. दुधात शिजत आलेल्या त्या किसाचा वास साडीला दोन दिवस राहायचा. मी तिला कीस किसून द्यायचे आणि ती म्हणायची, "बी.ए. झालेल्या हाताने किसलं की कीस गोड होतो का गं, सुमे?" मी म्हणायचे, "हो. तुमच्याने नसता झाला." ती हसायची. आमचं पटायचं ते असं, एकमेकींना टोचून.

वर्गातली मुलं सगळी हिंदी शाळेत जाणारी, शाळा सुटल्यावर आणि रविवारी माझ्याकडे येणारी. घरी मराठी बोलायची, पण वाचायला दिलं की गाडी रुतायची. 'ळ' तर कोणाच्या जिभेला वळायचाच नाही; शाळेची शाला, फळ्याचा फला. मंडळाने कपाटभर मराठी पुस्तकं ठेवली होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली अध्यक्षांकडे. अध्यक्ष बापूसाहेब. त्यांच्या घराण्याने धारच्या दरबारात पिढ्यान्‌पिढ्या दफ्तर सांभाळलेलं. बोलायचे जुन्या वळणाचं, 'करीत असू', 'जात असू', आणि मुलं ते ऐकून बाहेर नकला करायची. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या मनात पुस्तक म्हणजे लांबून नमस्कार करायची वस्तू. मुलांनीही तेच केलं होतं. इतक्या लांबून नमस्कार की हात लागायलाच नको.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका उन्हाळी शिबिरात मी हातकागद करायला शिकले होते. पुस्तक वाचा म्हणून ही मुलं वाचणार नाहीत, मग पुस्तक कशाचं असतं ते तरी पाहू दे, असं माझ्या मनात आलं. आधी गोष्टी सांगितल्या. भूर्जाच्या झाडाची साल कशी सोलत, ताडाच्या पानाला भोक पाडून दोरा कसा ओवत, त्या दोऱ्याला गाठ मारत म्हणून तो ग्रंथ. "म्हणजे गाठोडं," एक जण म्हणाला. मी म्हटलं, "हो, गाठोडंच." पुस्तकाच्या पानाला पान का म्हणतात हे कळल्यावर मिठू, बापूसाहेबांची तिसरीतली नात, अंगणातल्या पिंपळाखाली जाऊन पानं उचलून त्यावर पेनाने स्वतःचं नाव लिहून आली. कोणीतरी विचारलं, मांडूच्या राजवाड्यात पुस्तकं होती का. मी म्हटलं, होती, सुंदर चित्रांची होती. "मग गेली कुठे? दगड तर सगळे आहेत." ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? म्हटलं, दगड तिथेच बसून राहतो, पुस्तकाला माणूस लागतो, उचलून नेणारा.

मग कागद करायचा बेत ठरला. गणपती उठले होते, पाऊस उघडला होता. चिंध्या मावशीने दिल्या, गोधडीसाठी साठवलेल्यातल्या, कुरकुर करत. त्या मी चुन्याच्या पाण्यात मुरवल्या आणि चुना पुरता धुऊन काढला, नाहीतर कातडी भाजते. मुलांना सांगितलं, घरून निरुपयोगी कागद आणा. आणि इथेच सगळं झालं. घरोघरच्या आयांनी वर्तमानपत्रं दिली नाहीत, कारण ती रद्दीवाल्याला देऊन चार पैसे येतात. दिली ती पंचांगं. आमच्या लोकांत जुनं पंचांग रद्दीत घालत नाहीत, जाळत नाहीत, फेकत नाहीत. पाडव्याला नवं आलं की जुनं ट्रंकेच्या तळाशी जातं आणि कोणी खलघाटला नर्मदेवर निघालं की त्याच्या पिशवीत घालून प्रवाहात सोडायचं. निघणारं कोणी नसतं, म्हणून पंचांगं साठतात. तेव्हा अख्ख्या मराठी धारमध्ये खरोखर निरुपयोगी म्हणता येईल असा कागद एकच होता, आणि तो सगळ्यांत पवित्र. मुलं थप्प्या घेऊन आली. सगळ्यांत मोठी थप्पी मिठूची.

देवळामागे एक दगडी डोणी होती, पूर्वी गाई पाणी प्यायच्या ती. तिच्यात भिजलेली पंचांगं आणि कुजलेल्या चिंध्या घातल्या. आता हे तुडवायचं. जुने कारागीर तसंच करायचे. हाताने एवढं मळता येत नाही.

मिठू काठावर थांबली. "ताई, पंचांगावर पाय?"

पुस्तकाला चुकून पाय लागला की बोट लावून डोळ्याला लावायचं, हे तिला जसं शिकवलं तसंच मलाही शिकवलेलं होतं. कॉलेजात बेंचवर पाय ठेवताना खाली वही नाही ना हे मी बघायचे, आजही बघते. पण डोणीत आता पंचांग नव्हतं. मी हात घालून मूठभर बाहेर काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "वाच बघू काय लिहिलंय."

"काही नाही. दलिया आहे."

"मग पाय धू आणि चढ."

मुली चढल्या. आधी किंचाळल्या, गिल्लं-गिल्लं लागतं, पाय फिसलतो, म्हणून एकमेकींना धरलं, मग ताल सापडला. गरब्याचे दिवस होते, त्यांनी गरबाच धरला. पिंढऱ्यांपर्यंत राखाडी लगदा, फ्रॉक कमरेला खोचलेले. त्या सकाळचा तो पचपच आवाज अजून माझ्या कानात आहे. लगदा तलम होत होता. मी मच्छरदाणीची जाळी लावलेली चौकट तयार ठेवली होती, जुनं कांबळं पसरलं होतं. आणि बापूसाहेब इंदूरच्या पाहुण्यांना राममंदिर दाखवायला मागच्या दाराने आले.

डोणीच्या काठावर एका पंचांगाचं मलपृष्ठ अर्धं भिजून चिकटलं होतं, त्यावरचं 'शके' तेवढं वाचता येत होतं. त्यांनी ते पाहिलं. मग नातीचे पाय पाहिले. पाहुण्यांसमोर फक्त "मिठू, घरी चला," म्हणाले. मिठू तशीच, धुतल्याशिवाय, त्यांच्यामागे गेली. फरशीवर तिची पावलं उमटत गेली.

ह्यावर आजची मुलं हसतात. आता मी देवासला माझ्या गच्चीवर सुटीच्या दिवशी मुलांना कागद करायला शिकवते, बादली, मिक्सर, चाळणी, सगळं सोयीचं. आमच्या गावात नोटा छापतात, म्हणून दर वर्षी एक तरी पोरगं विचारतं, "आजी, नोटेचा कागद बनवू ना." त्यांना पंचांग मोबाईलवर दिसतं. पाय लागला तर काय करता, असं एकाला विचारलं, तर म्हणाला, "स्क्रीन गार्ड लावलाय." मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. ज्याला पाय लागूच नये असं काही घरात उरलंच नाही, ही काही मी जिंकलेली लढाई नव्हे. माझी लढाई वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. अण्णा माझ्याबरोबर आले, नवं धोतर नेसून, जणू पंक्तीला निघालेत. बापूसाहेबांच्या बैठकीत त्यांच्या वडिलांचा फेट्यातला फोटो, खाली आम्ही दोघं. मला बसा म्हणाले, अण्णांना नाही. अण्णा उभेच राहिले, म्हणून मीही.

"सुमनबाई, आमच्या वडिलांच्या हातून दफ्तर खाली पडलं तर ते त्या दिवशी उपास करीत असत," ते म्हणाले. "तुम्ही पंचांग लेकरांच्या पायाखाली घातलंत."

"कागद असाच होतो, बापूसाहेब. ज्या कागदावर तुमच्या वडिलांनी दफ्तर लिहिलं, तो करणाऱ्या कागदी लोकांनी लगदा पायाने तुडवून आणि पायानेच दाबायच्या उखळीत कुटून केला असणार. कागद तिथूनच येतो."

"ते कागद करणाऱ्यांनी करावं. ब्राह्मणाच्या लेकी तुडवीत नाहीत."

"गणपतीची माती पायानेच तुडवतात. तो मूर्तीवाला भिया तर आपल्या देवळासमोरच नाचत होता तिच्यात."

मला वाटलं, इथे ते अडतील. ते अडले नाहीत. "मातीवर अक्षर नसतं," म्हणाले. "तुम्ही अक्षराला पाय लावलात. आणि तुम्ही तर शिकलेल्या."

शिकलेल्या. आमच्या घरात हा शब्द कोणासाठीच वापरायची वेळ आली नव्हती, आणि आता तो मला टोमणा म्हणून मिळत होता. मला राग आला आणि रागात मला नेहमी नीट सुचतं. मी म्हटलं, "अक्षर म्हणजे ज्याचं क्षरण होत नाही ते. हे मला कॉलेजात शिकवलं. पाण्यात विरघळलं, पायाखाली गेलं, ती शाई होती. अक्षर असतं तर गेलं नसतं. तुम्ही तीच पंचांगं नर्मदेत सोडता, ती मासे खातात. मी त्यांचा कोरा कागद करते, मुलं त्यावर पुन्हा लिहितील. ह्यात सरस्वतीला राग कुठल्या गोष्टीचा येईल?"

अण्णांनी माझा दंड दाबला, चांगला जोरात. शेवटी बापूसाहेब म्हणाले, दसऱ्याला मंडळात पाटीपूजन असतं, सगळी कुटुंबं येतात, तिथे सरस्वतीपुढे सर्वांदेखत माफी मागा. वर्ग चालू राहील. "नाहीतर वर्गही नाही, आणि देवळातल्या व्यवस्थेचाही आम्हाला विचार करावा लागेल." हे बोलताना त्यांनी अण्णांकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

घरी मावशीने ताटं वाढली आणि स्वतः जेवायला बसलीच नाही. आमटी निवत होती. "काय जातं गं तुझं?" ती म्हणाली. "दोन शब्द बोलायचे. तोंडाला खरचटतं का?"

"खरचटतं."

"आम्हाला जन्मभर नाही खरचटलं ते."

"म्हणून तर तुम्ही अजून त्यांच्या खोलीत राहता."

हे मी बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. मी म्हणते, बोलायलाच हवं होतं. कोणीतरी कधीतरी ते म्हणायलाच हवं होतं त्या घरात. अण्णा जेवता जेवता थांबले, पण रागावले नाहीत. म्हणाले, "सुमे, माझं सोड. मी कुठल्याही देवाची घंटा वाजवीन. पण तुला ती पोरं सोडवतील का? माफी मागितलीस तर पोरं राहतात."

हा खरा पेच होता आणि तो त्यांनीच बरोबर पकडला. खोली नव्हे. माफी मागितली तर मुलं मला राहणार होती. पण कोणती मुलं? ज्यांनी पाय धुऊन, विचारून, लगदा हातात घेऊन पाहून मग पाय ठेवला होता, त्यांना मी सर्वांदेखत सांगणार होते की तुम्ही पाप केलंत. मिठूला त्याच संध्याकाळी घरी सरस्वतीपुढे नाक घासायला लावलं होतं, हे मुलांनीच येऊन सांगितलं होतं. मी माफी मागितली की तिचं नाक घासणं बरोबर ठरलं असतं. त्यानंतर मी त्यांना वाचायला काय शिकवणार होते?

दसऱ्यापर्यंत मी लगदा वाया जाऊ दिला नाही. झाकून ठेवला होता तो चौकटीवर घेतला, कांबळ्यावर उलटवला, वर पाटा ठेवून पाणी काढलं, कागद देवळाच्या मागच्या भिंतीला चिकटवून वाळवले. भाताच्या पेजेची खळ दिली, कवडीने घोटले. मुलं चोरून येत आणि घोटत बसत. कागद राखाडी झाला, कडा वेड्यावाकड्या, मध्येच लाल सुताचा तुकडा, मावशीच्या कुठल्याशा लुगड्याचा. मावशी येता-जाता बघायची आणि पुढे जायची. एकदा मात्र थांबून लाल सुतावर बोट ठेवलं. "हे माझं बाळंतपणातलं," म्हणाली आणि आत गेली.

दसऱ्याला मंडळाचा हॉल भरला होता. समोर पाट, त्यावर मुलांच्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली, झेंडूची फुलं, आपट्याच्या पानांची रास. अण्णांनी पूजा सांगितली, त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. मुलांनी पाट्यांखाली आमचे कागद आणून ठेवले होते. कोणी, कधी, मला माहीत नाही. राखाडी कडा बाहेर दिसत होत्या आणि बापूसाहेबांनाही दिसत असणार. आरती झाली. बापूसाहेब माईकपाशी आले आणि म्हणाले, "आता आपल्या बालवर्गाच्या सुमनबाई दोन शब्द बोलतील."

कुठले दोन शब्द, ते हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांनी मुलांना गप्प केलं. मिठू पुढच्या रांगेत होती. मी उठले, पदर सारखा केला, माईकपाशी गेले. मुलांकडे पाहिलं.

"माफी नाही," मी म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. दोन शब्द मागितले होते, दोन दिले.

आधी माईकची घरघर तेवढी. मग मागून कोणीतरी तरुण मुलगा "वा ताई" म्हणाला आणि त्याच्या आईने त्याला चापट मारलेली ऐकू आली. बापूसाहेब हाताची घडी घालून उभे होते. मग त्यांनी सोनं वाटायला सांगितलं, कारण सणाचा दिवस, पुढचं पुढे चालूच राहायला हवं होतं. रांग लागली. मीही रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडले. ते वयाने मोठे होते, दसरा होता, आणि भांडण माझं त्यांच्या म्हणण्याशी होतं, पायांशी नव्हतं. वर्षानुवर्षांची सवय, माझं डोकं वाकलेलं दिसताच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "विद्यावती हो." मग कोणाला म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं. मी सरळ उभी राहून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हटलं, "होईन."

पुढच्या रविवारी हॉलला कुलूप होतं, मागच्या दारालाही. वर्ग बंद, डोणीला हात लावू नये, असं पाटीवर लिहिलं होतं. अण्णांना कोणी काढलं नाही. इतक्या पहाटे उठून काकडआरती करणारा दुसरा कुठे मिळणार होता? मी ट्रंक भरत होते, देवासची बस दुपारची होती. मुलं दारात येऊन उभी राहिली, हातात चिंध्या, जुने परकर, कोणाकडे उशीचा अभ्रा. मिठूही होती. आजोबांनी पाठवलं का, मी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "पण त्यांनी अडवलं पण नाही. त्यांनी खिडकीतून बघितलं."

मी मावशीकडे पाहिलं. दसऱ्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. ती उठली, माझी भरलेली ट्रंक पायाने बाजूला सरकवली, खाटेखालून तिच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ ओढून काढलं आणि अंगणात नेऊन ठेवलं.

"दोघी दोघी चढा," ती मुलींना म्हणाली. "बूड डुगडुगतं त्याचं."